धुकं, हेलिकॉप्टर आणि केदारनाथचं बुकिंग: पाठवावं की नाही?

लष्करची_सून

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितेय. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मंदिराची कपाटं उघडली की केदारनाथला जायचंच, असं म्हणून सासू-सासरे हटून बसलेत. गौरीकुंडापासूनची चढण सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारी नाही. घोड्याला सासरे तयार नाहीत. डोलीचा विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "माणसाच्या खांद्यावर बसून देवाला जायचं? त्यापेक्षा घरूनच हात जोडते." राहिलं हेलिकॉप्टर. दीर म्हणतो, वहिनी, आठ-दहा मिनिटांचं तर उड्डाण, करून टाका बुकिंग.

अडून बसलेय ती मी. १५ जून २०२५ ला पहाटे साडेपाचच्या सुमारास केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेलं बेल ४०७ गौरीकुंडाजवळच्या जंगलात कोसळलं आणि आतले सातही जण गेले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं त्यात, लहानग्या लेकरासकट. त्याआधी १८ ऑक्टोबर २०२२ ला गरुडचट्टीजवळ, तेव्हाही सात. दोन्ही वेळा बातमी तीच, दरीत ढग उतरले होते आणि समोरचं दिसत नव्हतं.

कुन्नूरचा तो व्हिडिओही डोक्यातून जात नाही. ८ डिसेंबर २०२१, जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर. रुळांवर उभ्या असलेल्या पर्यटकांनी मोबाइलवर काढलेला. हेलिकॉप्टर पांढऱ्यात शिरतं, दिसेनासं होतं, आवाज बदलतो, आणि कोणीतरी विचारतं की पडलं का.

विचारायचंय ते असं. धुक्यात नेमकं होतं काय? एवढी यंत्रं असतात ती कशासाठी? आणि तिकीट काढणाऱ्या आपल्यासारख्याच्या हातात काही आहे का? "देवाची इच्छा" छाप उत्तरं नकोत, ती घरात पुरेशी मिळतात.

दहीपोहे

ताई, ऋषिकेश ते गुप्तकाशी हा रस्ता हेलिकॉप्टरपेक्षा जास्त माणसं खातो. तिथे टॅक्सीने पाठवताना असा धागा काढला असतात का? एवढा विचार केला तर माणूस पलंगावरून उतरणार नाही.

लष्करची_सून

@दहीपोहे, टॅक्सीवाला मला समोर दिसतो, "भैया, धीरे" असं म्हणता येतं. इथे कोणाला म्हणू?

मेटवाले_आजोबा

हवाई दलात मेट सेक्शनला, म्हणजे हवामान विभागात, नोकरी झाली. त्यातली काही वर्षं आपल्याच महाराजपूरच्या तळावर. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आपलं ग्वाल्हेरचं धुकं आणि डोंगरातलं धुकं यांची जातच वेगळी. आपल्याकडे पौष-माघात रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, शेतात गव्हाला नुकतं पाणी दिलेलं. जमीन झपाट्याने निवते, तिच्या लगतची हवा दवबिंदूपर्यंत उतरते आणि उजाडायच्या आगेमागे सगळं पांढरं होतं. हे धुकं जमिनीला धरून असतं आणि बहुतेक दिवशी ऊन चढलं की उठतं. त्याचा अंदाज आदल्या संध्याकाळीच बऱ्यापैकी बांधता येतो. तापमान आणि दवबिंदू एकमेकांकडे सरकायला लागले की ड्यूटीवरच्या माणसाने चहा तिथेच ठेवायचा आणि गच्ची गाठायची. भिंतीवर खुणांचा तक्ता असायचा, अमुक अंतरावर पाण्याची टाकी, तिच्या मागे झाडांची रांग, त्याच्याही मागे मनोरा. टाकी दिसतेय पण झाडं गेली, तर दृश्यता त्या दोहोंच्या मधली. पुढे धावपट्टीवर यंत्रं आली, तरी तक्ता कोणी काढला नाही. हवामान खात्याच्या हिशेबात दृश्यता हजार मीटरखाली गेली की धुकं, दोनशेखाली दाट, पन्नासखाली अतिदाट.

डोंगरातलं धुकं म्हणजे बहुतेक वेळा ढगच. दरीतली दमट हवा उतार चढताना गार होते आणि ढग बनतो. त्याला वेळापत्रक नसतं. वारा फिरला की बघता बघता दरीचं तोंड बंद. ऊन चढलं की दरीतून वर येणारा वारा जोर धरतो, म्हणून सकाळ मोकळी आणि दुपार झाकलेली असा ढोबळ ठोकताळा आहे. पण २०२५ चा अपघात पहाटेचाच. आणि पावसाळ्यानंतर आकाश स्वच्छ असतं म्हणावं, तर २०२२ चा ऑक्टोबरातला. तेव्हा "पहिल्या फेरीचं तिकीट काढा, काही होत नाही" असं एजंट सांगेल तर मान डोलवू नका.

केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर. हवा विरळ, त्यामुळे यंत्राची ताकद कमी पडते, म्हणून तर माणसांची वजनं करून बसवतात. मंदाकिनीची दरी चिंचोळी. पुढचं झाकलं की मागे वळायचं, पण वळायला रुंदी लागते आणि तोवर मागचंही झाकलं गेलेलं असू शकतं.

बडोदेकर

आजोबा, दंडवत. एक शंका. दिल्लीला पन्नास मीटर दृश्यतेतही विमानं उतरतात असं वाचलंय. मग हेलिकॉप्टरचं काय अडतं? आकाराने लहान, वेग कमी, हवं तर हवेत थांबतं.

मेटवाले_आजोबा

दिल्लीला विमान उतरतं ते विमानाच्या एकट्याच्या जिवावर नाही. धावपट्टीकडून दोन रेडिओ किरण निघतात, एक मध्यरेषा दाखवतो, दुसरा उतरायचा उतार. विमानातली स्वयंचलित यंत्रणा ते धरून उतरते. धावपट्टीवरचे दिवे तसे लागतात आणि वैमानिकाचं त्यासाठीचं वेगळं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. याला कॅट थ्री म्हणतात. यातलं काही कमी असेल तर ते विमान जयपूरला नाहीतर लखनौला पाठवतात. डोंगरातलं हेलिपॅड म्हणजे सिमेंटचा चौथरा, त्यावर रंगवलेलं एच हे अक्षर, आणि वारा दाखवायला काठीला लावलेला कापडी मोजा. यात्रेतल्या फेऱ्या डोळ्यांनी बघून उडायच्या नियमावर चालतात. बाहेर दिसलं तर उडायचं, नाहीतर नाही.

आणि "हवेत थांबतं" म्हणालात, तर तेच सगळ्यात अवघड. जागेवर स्थिर राहायला डोळ्याला बाहेरची खूण लागते, एखादं झाड, खडक, काहीही. ती गेली की आपण डावीकडे सरकतोय की मागे, हे कळत नाही. विमान हात सोडला तरी काही काळ सरळ जातं. हेलिकॉप्टरचा स्वभाव तसा नाही, त्याला सतत आवरावं लागतं. मोठ्यांत स्थिर ठेवणारी यंत्रणा असते, लहानांत बेताची.

सुधारणा होतायत. जून २०२३ मध्ये पवनहंस या हेलिकॉप्टर कंपनीने जुहूहून पुण्याला गगन या आपल्या उपग्रह प्रणालीच्या आधारावर हेलिकॉप्टर नेऊन दाखवलं. पण जुहू-पुणे वेगळं, मंदाकिनीची दरी वेगळी.

कानाचा_डॉक्टर

माझ्या खात्यातला विषय निघाला म्हणून लॉगिन केलं.

तोल सांभाळणारं यंत्र आपल्या कानाच्या आत आहे. अर्धवर्तुळाकार तीन नलिका, त्यात द्रव. डोकं वळलं की द्रव मागे राहतो, आतल्या पेशींचे केस वाकतात, मेंदूला वळण कळतं. मात्र वळण एकाच गतीने दहा-वीस सेकंद चालू राहिलं की द्रवही तेवढ्याच गतीने फिरू लागतो, केस सरळ होतात आणि कान निरोप देतो, आपण सरळ चाललोय. आता वैमानिकाने खरंच सरळ केलं तर कान बोंब मारतो की उलटीकडे वळलो. माणूस मग "दुरुस्त" करायला पुन्हा पहिल्या बाजूला कलतो. अगदी हळू सुरू झालेला कल तर कानाला लागतच नाही. आणि वेग एकदम वाढला तर नाक वर गेल्याचा भास होतो, म्हणून ते खाली दाबलं जातं.

घरी करून बघायचं असेल तर फिरत्या खुर्चीवर डोळे मिटून बसा, दुसऱ्याला एका गतीने फिरवायला सांगा आणि अंगठ्याने दिशा दाखवत राहा. थोड्या वेळाने अंगठा "थांबलो" म्हणेल, खुर्ची फिरतच असेल. मग खुर्ची थांबवली की अंगठा उलटी दिशा दाखवेल. जेवल्यावर करू नका, आणि पडू नये म्हणून कोणीतरी शेजारी उभं ठेवा.

रोज हे भास डोळे खोडून काढतात. धुक्यात डोळ्यांना क्षितिजच नसतं. उरतो कान आणि समोरची घड्याळं, आणि दोघं वेगवेगळं सांगत असतात. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये हवाई दलाच्या वैमानिकांना हे भास मुद्दाम घडवून दाखवतात, कानाचं ऐकायचं नाही हे अंगी बाणावं म्हणून. पण पंचवीस वर्षांच्या अनुभवानेही कान बदलत नाही.

उडती_तबकडी

वा डॉक्टर! याचं नेमकं उदाहरण म्हणजे बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचा अपघात, २६ जानेवारी २०२०, लॉस एंजेलिसजवळ कॅलाबासास. त्या सकाळी इतकं धुकं होतं की तिथल्या पोलिसांनी स्वतःची हेलिकॉप्टरं उडवली नव्हती. वैमानिकाने नियंत्रकाला कळवलं की चार हजार फुटांवर चढतोय. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडे वळत झपाट्याने खाली येत होतं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. नऊ जण गेले. इंजिन ठणठणीत होतं.

जुना आकडाही प्रसिद्ध आहे, ढगात शिरल्यावर १७८ सेकंद. तेवढंच आयुष्य.

मेटवाले_आजोबा

तो आकडा खरा, पण जपून वापरावा. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात वीस जणांवर केलेला प्रयोग, सगळे बाहेर न बघता फक्त यंत्रांवर उडायचं शिक्षण न झालेले, आणि विमानात. ताबा सुटेपर्यंतची सरासरी १७८ सेकंद निघाली. विसातला एकही सुटला नाही हे मात्र खरं. कोबीच्या वैमानिकाकडे यंत्रांवर उडायचा परवाना होता, पण त्याच्या कंपनीला परवानगी फक्त डोळ्यांनी बघून उडायची. कागदावर येणं आणि गेल्या महिन्यात केलेलं असणं यात फरक पडतो.

दहीपोहे

मग कुन्नूरचं काय? ते काही भाड्याचं खटारं नव्हतं. एमआय-१७ व्ही ५, दोन इंजिनं, हवाई दलाचे निवडक वैमानिक. तरी?

उडती_तबकडी

संरक्षणमंत्र्यांनी संसदेत वेळा सांगितल्या होत्या. सुलूरहून ११.४८ ला उड्डाण, कुन्नूरजवळच्या वेलिंग्टनला १२.१५ ला पोहोचायचं, १२.०८ च्या सुमारास संपर्क तुटला. सात मिनिटं राहिली होती. चौदांपैकी तेरा त्याच दिवशी गेले, ग्रुप कॅप्टन वरुण सिंग १५ डिसेंबरला. तिन्ही दलांच्या चौकशीने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की यंत्रातला बिघाड नाही, घातपात नाही, निष्काळजीपणाही नाही. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, दिशाभ्रम झाला आणि ते ताब्यात असतानाच डोंगराला भिडलं. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदीय समितीच्या अहवालात त्याच अपघातापुढे कारण लिहिलं गेलं, मानवी चूक.

सराफ्यातला

हे "मानवी चूक" मला कधीच पटत नाही. गेलेला माणूस बोलायला येत नाही, म्हणून फाइल बंद करायला सगळ्यात सोयीचं. निघा कोणी म्हटलं, पलीकडून हवामान कोणी कळवलं, ते त्या दोन शब्दांत कुठे येतं?

ग्वाल्हेरकरांना हे सांगायला नको. ३० सप्टेंबर २००१, रविवार. माधवराव महाराज (शिंदे) कानपूरच्या सभेला निघाले आणि मैनपुरीजवळ विमान पडलं. आठही जण गेले. दुपारनंतर बातमी आली तशी बाड्यावरच्या, म्हणजे आपल्या मुख्य बाजारातल्या, दुकानांची शटरं खाली यायला लागली, कोणी सांगायला आलं नव्हतं. तेव्हाही पहिल्यांदा कानावर आलं ते "मौसम खराब था".

मेटवाले_आजोबा

@सराफ्यातला, महाराजांचं ते लहान विमान होतं, हेलिकॉप्टर नाही, आणि सप्टेंबरातलं पावसाळी हवामान, धुकं नाही. एका माळेत ओवू नये. तसंच ८ मे २०२५ चं गंगोत्रीच्या वाटेवरचं हेलिकॉप्टर. उतरायचा प्रयत्न करताना पातं वरच्या तारेला लागलं, असं प्राथमिक अहवालात आहे. प्रत्येक अपघात धुक्याच्या नावावर टाकला की बाकीची कारणं सुटतात.

मानवी चुकीबद्दल तुमच्याशी अर्धा सहमत. चूक वैमानिकाचीच असते कधीकधी, पण ती ढगात शिरल्यावर नाही, निघताना होते.

छत्रीबाजार

आजोबा, शेवटचं वाक्य लाख बोललात. माझा गाड्या भाड्याने देण्याचा धंदा आहे, तेव्हा माझ्या बाजूने सांगतो.

जानेवारीत दिल्लीचं विमान पकडायचं म्हणून लोक पहाटे तीनला गाडी मागतात. मुरैन्याच्या पुढे चंबळेकडे असं धुकं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. माझा एक जुना ड्रायव्हर आहे, तो सरळ ढाब्यावर गाडी लावतो आणि बिडी काढतो. मागे बसलेला साहेब तापतो, फ्लाइट जाईल, पैसे देणार नाही, मालकाला फोन लाव. हा म्हणतो, "बाबूजी, गाली दे लो, गाड़ी नहीं निकलेगी." मग मला फोन येतो. आता इथे खरी परीक्षा माझी. मी "बघ बाबा, हळूहळू काढता येते का" एवढंच म्हटलं तरी तो काढेल, कारण पगार मी देतो. मी कधी तसं म्हटलं नाही अशी शपथ घेणार नाही.

हेलिकॉप्टरलाही ढाब्यावर थांबता येतं की! शेत, रस्ता, शाळेचं मैदान. जून २०२५ मध्येच केदारघाटीत बडासूला बिघाड झाला तेव्हा वैमानिकाने ते सरळ हायवेवर उतरवलं, प्रवासी वाचले. बिघाड झाला की उतरतात. मग समोर दिसेनासं झालं की का उतरत नाहीत?

उडती_तबकडी

+१. हेलिकॉप्टरवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने याच गोष्टीची मोहीम काढली होती, उतरा आणि जगा. बिघाड झाला तर उतरल्याचं कौतुक होतं. धुकं वाढतंय म्हणून कोणाच्या तरी उसात उतरलात तर विचारतात, दुसरा कसा गेला मग? इराणचे राष्ट्राध्यक्ष रईसी गेले तेव्हा, १९ मे २०२४, ताफ्यात तीन हेलिकॉप्टरं होती. दोन पोहोचली. तिसरं धुक्यात डोंगराला धडकलं. "दुसरा गेला की" याला काही अर्थ नसतो.

कोबीच्या चौकशीतही हेच. गिऱ्हाइकाने दबाव आणल्याचा पुरावा मिळाला नाही. वैमानिकाने स्वतःच स्वतःवर आणला. एवढं मोठं गिऱ्हाईक, रोजची ओळख, नाही कसं म्हणायचं.

पक्का_पुणेकर

आमच्याकडेही २ ऑक्टोबर २०२४ ला बावधनला सकाळी सकाळी झालं. तिघे गेले. मुंबईला जाऊन पुढे नेत्याला घ्यायचं होतं. तेव्हाही आसपासचे लोक धुकं होतं म्हणत होते.

अवांतर: छत्रीबाजार, तुमच्या त्या ड्रायव्हरचा पगार वाढवा.

छत्रीबाजार

@पक्का_पुणेकर, वाढवला. पुणेकराने दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म केला हे नोंदवून ठेवतो.

लष्करची_सून

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, खुर्चीचा प्रयोग दिरावर केला. अंगठा छातीठोकपणे उलटीकडे दाखवत होता आणि डोळे उघडल्यावर आम्हीच खुर्ची फिरवली म्हणून भांडला.

आता मला जे समजलं ते तपासून द्या. आम्ही वैमानिकाला "थांबा" म्हणू शकत नाही, पण "चला" म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभं न राहणं हातात आहे. दिराने जे ठरवलंय त्यात सकाळी वर, दुपारी खाली, रात्री हरिद्वार, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. म्हणजे एक फेरी रद्द झाली की सगळं कोलमडणार, आणि काउंटरवर सगळ्यात मोठ्याने ओरडणारे आमचेच सासरे असणार.

मेटवाले_आजोबा

सूनबाई, बरोबर धरलंत. गुप्तकाशीत दोन रात्री जास्तीच्या ठेवा, परतीचं आरक्षण त्यानंतरचं. मे अखेरीआधी जा, जूनमध्ये पावसाचा भरवसा नाही. तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरूनच, एजंट नको. रद्द झाल्यावर पैसे परत मिळायचे नियम तिथेच वाचून घ्या. आणि हेलिपॅडवर दरीचं तोंड स्वतः बघा. समोरची डोंगराची धार दिसत नसेल आणि तरी बसवत असतील तर तुम्ही बसू नका. तिकीट बुडालं तर बुडालं.

दहीपोहे

मी अजूनही रस्त्याच्याच बाजूने. पण दोन रात्री जास्तीच्या, हे रस्त्यालाही लागू आहे, तेवढं मान्य.

लष्करची_सून

सासरे म्हणतात, दोन रात्री म्हणजे खर्च वाढला. सासूबाई म्हणाल्या, "मग तुम्ही घोड्यावर जा." विषय संपला. 🙂

गुप्तकाशीत गरम पाणी मिळेल आणि जिने चढावे लागणार नाहीत अशी राहायची जागा कोणाला माहीत आहे का? घरगुती जेवण असेल तर उत्तम.

बडोदेकर

आई-बाबा गेल्या वर्षी तिथे राहिले होते, तळमजल्यावर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.